डिकी उघडा, पण कशासाठी?

मावसबहिणीचं लग्न आटोपून म्हापशाहून परतत होतो. पत्रादेवी मागे टाकून महाराष्ट्रात शिरलं की गोव्याहून येणाऱ्या गाड्या अडवतात, हे सगळ्यांनाच माहीत. उत्पादन शुल्कवाल्यांनी हात केला. ‘गाडी साइडला घ्या. डिकी उघडा.’

उतरलो आणि आवाज न चढवता विचारलं, ‘साहेब, कशासाठी?’

‘दारूसाठी. कलम १२१.’

विषय संपला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातलं हे कलम त्यांना, आणि पोलिसांनाही, दारूच्या शोधात गाडी थांबवून तपासायची, खोकी उघडून बघायची मुभा देतं. तिथं ‘वॉरंट दाखवा’ म्हणून हुज्जत घालण्यात काही हशील नाही.

डिकीत काजू, फणस, आहेराच्या साड्या आणि मावशीनं बांधून दिलेली एक बाटली. आत कोकमाचं आगळ. बाटली मात्र व्होडकाची, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेल्या लेबलासकट! बायकोच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. साहेबांनी बूच काढून वास घेतला, तळहातावर थेंब ओतून चाटला आणि खारट-आंबट तोंड करत म्हणाले, ‘लेबल तरी काढायचं हो.’

पुढचा प्रसंग शहरात शिरताना. वाहतूक हवालदारानं लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मागितलं; सगळं डिजिलॉकरमधून दाखवलं. मग म्हणाला, ‘मागची बॅग उघडा.’ पुन्हा माझा तोच प्रश्न. उत्तर आलं, ‘चेकिंग आहे.’

आता चेकिंग हे काही कलम नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० कागद मागू देतं, बॅगेत हात घालू देत नाही. एखाद्या गुन्ह्याचा तपास असेल तर गोष्ट वेगळी. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे झडतीचं कारण आधी लेखी नोंदवावं लागतं आणि झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं. गांजा-चरसचा सबळ संशय असेल तर रस्त्यावर वॉरंट लागत नाही, हेही खरं. इथं यातलं काहीच नव्हतं.

म्हटलं, ‘दाखवतो की. फक्त कोणत्या कलमाखाली ते सांगा, शूटिंग करा आणि दोन पंच बोलवा.’ त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं, मागची हॉर्न वाजवणारी रांग बघितली आणि शिट्टी फुंकली. ‘चला, चला.’

मी जरा फुशारलोच. मागून भाचा म्हणाला, ‘मामा, तुमचे केस पांढरे म्हणून जमलं. मी बाइकवर असताना कलम विचारलं ना, तर आधी चावी काढून घेतात.’

चावी काढून घ्यायचं कलम मला तरी कायद्यात सापडलेलं नाही. पण रात्री अकराला नाकाबंदीत एकट्या पोरानं ते कुणाला ऐकवायचं?