रात्रीचा टोस्ट

"एकटीसाठी कुठे घाट घालू?" असं म्हणत आईने आज चहात टोस्ट बुडवला. तेच तिचं रात्रीचं जेवण.

मग लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली. "हे झाकण बघ गं, आताशा मला फिरत नाही."

हीच बाई पाट्यावर चटणी वाटायची! वय झालं, म्हणून मीही झाकण फिरवून दिलं. पण घरी पोहोचेपर्यंत तो टोस्ट डोक्यातून जाईना. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. आई ५२ किलोची. तिच्या ताटात (ताट कसलं, बशीच) त्याच्या निम्मी तरी असतील का? कवळी टोचते म्हणून उसळ बंद, गॅस होतो म्हणून डाळ पाण्यासारखी.

लगेच फोन लावला. मुगाची मऊ खिचडी कर, वर दही घे, नाहीतर पिठल्यात भाकरी कुस्कर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"करते गं. पण खाऊ कुणाबरोबर?"

उद्यापासून साडेआठला व्हिडिओ कॉल, दोघींची ताटं समोर. तुमच्याकडची एकटी माणसं रात्री काय जेवतात, विचारलंय कधी?