तोरणमाळ, २२ गाड्या आणि रिफ्लेक्टरचे ३ रोल

आधीच सांगून टाकतो. जळगावहून बाइकने तोरणमाळला जाणार असाल तर चोपडा-शिरपूर-शहादा या रस्त्याने जाऊ नका. नकाशावर तो सरळ दिसतो, ग्रुपवर कुणीतरी "रस्ता मक्खन झालाय भो" असं टाकतो आणि आपण फसतो. आम्हाला मक्खन सांगणारा गडी चारचाकीने गेला होता, तोही चोपड्यापर्यंतच. हे आम्हाला शिरपूरच्या पुढे, धूळ खात उभे असताना कळलं.

ही राइड फिरायची नव्हती. मागच्या जानेवारीत आमच्यातला एक जण याच रस्त्यावर गेला. तोरणमाळहून एकटा परत येत होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. डोक्यात हेल्मेट होतं, अंगात जॅकेट होतं, प्यायलेला नव्हता. नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या शनिवारी आम्ही निघालो. तो ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने वर जायचं, वाटेत त्या जागी थांबायचं, एवढंच ठरलं होतं. २२ गाड्या, २७ माणसं.

पहाटे साडेपाचला त्याच्या घरासमोर जमलो. एका उत्साही पोराने फ्लेक्स करून आणला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन फुटी अक्षरांत, खाली हात जोडलेले पाच भावी नगरसेवक, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याचा फोटो कोपऱ्यात पासपोर्टएवढा. आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तो पाहिला आणि काही बोलले नाहीत. आत जाऊन त्याचे ग्लव्हज घेऊन आले आणि माझ्या हातात दिले. "पडून आहेत. थंडी आहे." उजव्या तळव्याचं चामडं थ्रॉटलच्या जागी घासून पातळ झालं होतं. फ्लेक्स आम्ही गुंडाळून माझ्या गाडीला बांधला.

थंडीचं लिहायलाच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईकडचे लोक खानदेश म्हटलं की ४५ डिग्रीच धरून चालतात. जानेवारीत पहाटे विदगावच्या पुलावर तापीचं धुकं एवढं दाट असतं की व्हायजर बंद केला की आतून धुरकटतो आणि उघडला की डोळ्यांतून पाणी येतं. उजाडल्याशिवाय हा पूल ओलांडू नका. धानोरा, अडावद, चोपडा ठीक. चोपड्यात चहा घेतला. पुढे शिरपूरपर्यंतही कुरकुर करण्यासारखं फार नाही.

शिरपूर सोडलं आणि रस्ता संपला. म्हणजे आहे, पण तुकड्यातुकड्यांत आहे. एका बाजूला नवीन काँक्रीट, दुसऱ्या बाजूला उकरलेला जुना डांबरी, मध्ये वीतभर उंचीची उभी कड. समोरून ट्रक आला की खाली उतरायचं, तो गेला की पुन्हा वर चढायचं. ही कड तिरपी चढायला गेलात की पुढचं चाक कडेला घासत जातं आणि गाडी आडवी होते. आमच्या दोन गाड्या अशाच पडल्या. एकाचा क्लच लिव्हर तुटला, दुसऱ्याचा गुडघा सुजला. चढायचंच असेल तर गाडी जवळजवळ थांबवा, कडेला काटकोनात घ्या, फुटपेगवर उभे राहा आणि मग थ्रॉटल द्या. ते जमणार नसेल तर सरळ थांबून राहा, मागचे हॉर्न वाजवू देत. डायव्हर्शनवर खडी, खडीवर धूळ, आणि धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी. हे पाणी सगळ्यात वाईट. शहाद्याला पोचायला पावणेतीन तास लागले. त्यात अर्धा तास त्या जागेवरचा धरला तरी हा रस्ता बाइकचा नाही.

तो गेला त्या जागी एक निंबाचं झाड आहे, पुढे केळीचा मळा. नारळ फोडला, झेंडूचा हार झाडाला घातला. दोन मिनिटं गप्प उभं राहायचं ठरलं होतं, तेवढ्यात मागच्या दोन पोरांनी पुंगळ्या लावलेल्या बुलेट रेझ करून फटाके काढले. मळ्यातल्या घरातून एक म्हातारी लेकराला कडेवर घेऊन घाबरून धावत आली. मी त्या पोरांना तिथेच झापलं, पुन्हाही झापेन. त्याच्या गाडीला कंपनीचा सायलेन्सर होता.

आता ट्रॉलीचं. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, आणि मागच्या ट्रॉलीतला ऊस फळीच्या बाहेर लोंबत असतो. टेल लाइट असला तरी त्याखाली झाकला जातो. ६०च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. लो बीममध्ये अशी मातकट वस्तू ३०-४० मीटरवर आली की दिसते. दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो, उरलेल्या अंतरात गाडी थांबत नाही. त्यात समोरच्याने हाय बीम मारला असेल तर तेवढंही दिसत नाही. त्याचं असंच झालं असणार.

म्हणून आम्ही रिफ्लेक्टर टेपचे ३ रोल नेले होते. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी असा नियम आहे. आम्ही फक्त लाल घेतली होती. त्या जागेपासून पुढे हाकेच्या अंतरावर एक ट्रॉली पंक्चर होऊन उभीच होती, भरदिवसा. आम्ही २७ जण तिच्याभोवती जमलेले पाहून ड्रायव्हरला वाटलं, मारायला आले. मग टेप पाहून जवळ आला.

"काय लाई ऱ्हायनात भो? पैसा कितला लागतीन?"

पैसे नाहीत म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. टेप चिकटेना हे वेगळंच. फळीवर मातीचा थर, आणि गार पत्र्यावर गोंद धरत नाही. ग्लव्हज काढले, ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, टेप अंगठ्याने दाबून धरली, तेव्हा बसली. आम्ही खूश. तो मान हलवत होता. त्याने उसाचे लोंबते शेंडे धरून टेपसमोर आणले. "ऊस बाहेर निंघस. मंग पट्टी कोनले दखाई?"

बरोबर होतं त्याचं. एक वर्ष आम्ही टेप-टेप करत होतो आणि हे २७ जणांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. टेप कशावर तरी चिकटवून उसाच्या टोकालाच बांधायला पाहिजे. त्याने गोणपाट आहे का विचारलं. आमच्याकडे फ्लेक्स होता. फोटो असलेला कोपरा मी कापून खिशात ठेवला. बाकीच्याच्या पट्ट्या केल्या, कोऱ्या बाजूवर लाल टेप लावली आणि सुतळीने शेंड्यांना बांधली. शहाद्यापर्यंत १४ ट्रॉल्या झाल्या. भावी नगरसेवक तुकड्यातुकड्यांनी कारखान्यात गेले.

शहाद्यात टाकी फुल्ल करा, हवा तपासा. वर मेकॅनिक मिळेल या भरवशावर जाऊ नका. स्पोकच्या चाकांना बहुतेक करून ट्यूब असते, तेव्हा स्पेअर ट्यूब आणि टायर लिव्हर स्वतःचे न्या. म्हसावद, राणीपूर, मग सातपुड्याचा घाट. २२ गाड्यांची एक रांग घाटात नेऊ नका. आम्ही पाच-पाचचे गट केले, तेही उशिरा, एका एसटीला अर्धं वळण मागे घ्यावं लागल्यावर. टपावर माणसं बसलेल्या जीप वळणावर आपली बाजू सोडून येतात. हॉर्न द्या आणि डावीकडेच राहा.

तोरणमाळ चांगलंच आहे. समुद्रसपाटीपासून ११५० मीटरच्या आसपास, यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर. फोटो सगळीकडे आहेत.

जेवणाबद्दल मात्र लिहितो. एका ठिकाणी शेवभाजी-भाकरी, १५० रुपये ताट, पोटभर, असं तोंडी ठरवलं. म्हणजे ४०५०. बिल आलं ६९०० चं. तिसऱ्या भाकरीपासून ३० रुपये नग, कांदा-लिंबू वेगळा, 'रश्शाची एक्स्ट्रा वाटी' वेगळी. रश्श्यात शेव शोधावी लागत होती आणि तिचे वेगळे पैसे! भांडून ६००० वर आणलं, पण भांडायची ती रात्र नव्हती. पोटभर म्हणजे किती भाकरी, हे कागदावर लिहून घ्या. नाहीतर शहाद्याहून दशम्या आणि ठेचा बांधून न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला खाली निघालो. जानेवारीत सहा-सव्वासहाला अंधारतं, तेव्हा जळगाव गाठायचं असेल तर वरून ११ नंतर निघू नका. तो साडेचारला निघाला होता. परतीला सारंगखेड्याच्या पुलावरून दोंडाईचा, शिंदखेडा, बेटावद, अमळनेर, धरणगाव. रस्ता चांगला, सांगण्यासारखं काही घडलं नाही. जातानाही हाच धरा.

ग्लव्हज परत द्यायला गेलो तर आप्पा म्हणाले, राहू दे तुझ्याकडे. फोटोचा कोपरा त्यांना दिला.

दीड रोल उरलाय, माझ्या दुकानात आहे. हंगाम संपायच्या आत शहाद्याकडे कोणी जाणार असेल तर घेऊन जा. सुतळी आणि दोन फडकी सोबत न्या, एक ओलं, एक कोरडं. गोणपाट ट्रॉलीवाल्याकडे मिळेलच असं नाही.