तुम्ही विचारलंत म्हणून: वटवाघूळ असं भेलकांडत का उडतं?

लग्नात, एसटीत, स्टाफरूममध्ये, कुठेही जा, प्रश्न तोच. "सर, तुम्ही विमानाचं शिकलात ना, मग हे वटवाघळांचं काय खूळ? ते आंधळं, कसंही भेलकांडत उडतं." आधी हसून सोडून द्यायचो. आता नाही सोडवत.

तर पहिलं, आंधळं नसतं. फळं खाणाऱ्या वाघळांचे डोळे चांगले टपोरे असतात. आणि रस्त्यावरच्या दिव्याभोवती जी छोटी वाघळं वेडीवाकडी वळताना दिसतात ती किड्यामागे असतात, किडाही जिवाच्या आकांताने गिरक्या घेत असतो, मग त्याच्या मागे सरळ कोण जाईल? तोल जाणं वेगळं आणि मुद्दाम वळणं वेगळं.

संक्रांत होऊन गेली होती. नायलॉन मांज्यावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी आमच्या कॉलनीतल्या अशोकाच्या शेंड्याला तो लोंबत होताच आणि त्यात एक लहान वाघूळ, फळं खाणारं, अडकलेलं. पोरं मलाच बोलवायला आली, कॉलनीत मी वाघूळवाले सर. एक प्राणीमित्र कात्रीने मांजा कापत होता आणि मी जाड हातमोजे घालून पंख धरला होता (उघड्या हाताने कधीच धरू नका, चावलं तर रेबीजची भीती असते). पंख उन्हासमोर आला आणि सगळं दिसलं. तो हाताचा पंजाच आहे हो. अंगठा मोकळा, नखासकट, बाकीची चार बोटं ओढून लांबच लांब केलेली आणि मध्ये कातडीचा पडदा. बोटांच्या टोकाची हाडं इतकी लवचिक की नुसत्या स्पर्शाने वाकत होती. पडद्यात दोन तऱ्हेच्या रेघा: अंगाकडून टोकाकडे जाणारे ताणले जाणारे तंतू, आणि त्यांना आडवे, दोऱ्याहून बारीक स्नायू. हे स्नायू हाड हलवत नाहीत, पडदाच ताठ-सैल करतात. वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं.

मांज्याने पडद्याला मध्ये पडलेल्या भोकांची मला काळजी नव्हती, ती काही आठवड्यांत भरतात, भोकं असताना ती उडतातही. पण मांजा पाचव्या बोटाजवळून मागची कड चिरत पार अंगापर्यंत गेला होता. कड गेली की ताण गेला, छत्रीची काडी सुटल्यावर कापड कसं लोंबतं तसं. तेवढ्यात बाजूचा एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो सर, तसंही त्याला कुठे धड उडता येतं." मी काहीच बोललो नाही. रात्री प्राणीमित्राचा मेसेज आला, गेलं म्हणून.

त्या माणसावर काय चिडणार, इंजिनिअरिंगला असताना मी स्वतः हेच बोलायचो. पातळ कातडी, वाकणारी हाडं, वाऱ्याने फुगणार, कोणी शहाणा असला पंख डिझाइन करेल का? त्या पोराशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं अजून भांडण चालू आहे. मी त्याला 2008 चं सांगतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडलेल्या बोगद्यात) मध पिणारं, दहाएक ग्रॅमचं वाघूळ उडवलं, तर हळू उडताना पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा चिकटून राहतो आणि लिफ्टचा, म्हणजे वर उचलणाऱ्या जोराचा, 40 टक्क्यांपर्यंत भाग एकटा तोच देतो. हवेला तेवढा तिरपा धरला तर विमानाचा पंख कधीच स्टॉल झाला असता, म्हणजे हवा पंखापासून सुटून लिफ्ट गेली असती. शिवाय पडद्यावर बारीक केस असतात, हवा कशी वाहतेय ते कळायला. 2011 च्या एका प्रयोगात ते क्रीम लावून काढले, तर वाघळं जास्त वेगाने जायला लागली आणि वळणं मोठी घ्यायला लागली.

यावर तो पोरगा लुंडचाच 2012 चा पेपर पुढे करतो. पक्षी आणि वाघळं तिथेच तपासली, तर कार्यक्षमतेत पक्षी पुढे. घ्या. आता काय बोलू? खरंच आहे ते. मग मी म्हणतो की कार्यक्षमता म्हणजेच उडणं का? वाघूळ छताला उलटं लटकायला येतं तेव्हा वेग जवळजवळ संपलेला असतो, हवेचा आधार फारसा नाही, तर ते एक पंख अर्धा मिटून घेतं, दुसरा फाकवतं, आणि पंखांच्या वजनावरच अख्खं अंग उलटवतं. विमानात पंख जड असणं म्हणजे दोष, इथे त्याच वजनाचा उपयोग. तो म्हणतो, बरं, पण रोज रात्री एवढी फडफड करायला खाणं किती लागत असेल? लागतंच. इथे आमचं भांडण थांबतं, मिटत नाही.

आणि "याचा ड्रोन करणार का" विचारणाऱ्यांना: 2017 मध्ये अमेरिकेत केलाय, 93 ग्रॅमचा, बॅट बॉट, सिलिकॉनचा पडदा लावून. उडाला तो. पण त्या पडद्यात स्नायू नाहीत, केस नाहीत. मी करणार का? नाही हो. मागची कड कुठपर्यंत चिरली तर चालते आणि कुठून पुढे नाही, एवढं एकच गणित मांडत बसलोय, तेही अजून जमत नाहीये.