माशातले पाणी

नाशिकला समुद्र नाही; आहे ती गोदावरी, आणि तिला आम्ही गंगा म्हणतो. रोहू, कटला हे गोड्या पाण्यातले मासे मिळतात, पण सुरमई, रावस आणि बोंबील कसारा घाट चढून बर्फात येतात. म्हणजे इथला समुद्री मासा घरी पोहोचतो तोच मुळी भिजलेला, आणि पिठात बुडवून कुरकुरीत मासा तळण्याच्या माझ्या पहिल्या प्रयत्नाचा घात नेमका त्यानेच केला.

त्या रविवारी मी रावसाच्या तुकड्या धुतल्या, मीठ, हळद व लिंबू चोळून ठेवल्या आणि सुटलेल्या पाण्यासकट पिठात बुडवून कढईत सोडल्या. तेल ओट्यामागच्या फरशांपर्यंत उडाले; पिठाचा लेप तुकडीवरून निसटून वेगळाच तळला गेला आणि मासा नुसता शिजला. सासूबाई वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे रव्यात घोळवून तव्यावर तळलेल्या माशापलीकडे त्यांना काही मान्य नाही. ताटाकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "जावईबापू, भजी छान झालीत. मासा कुठे आहे?"

तेव्हापासून मी पिठाच्या प्रमाणापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष देतो. मुरलेल्या तुकड्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पंचावर मांडायच्या आणि बोट ओले होईनासे होईपर्यंत टिपायच्या. मग कोरड्या तांदळाच्या पिठीत घोळवून झटकायच्या, म्हणजे वरच्या लेपाला धरायला काहीतरी मिळते. लेपासाठी वाटीभर मैद्याला अर्धी वाटी तांदळाची पिठी, मीठ, तिखट आणि तळहातावर चोळलेला ओवा. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे लेप चिवट होत नाही. भिजवायला फ्रीजमधला थंडगार सोडा घ्यायचा आणि तोही तेल तापल्यावरच, कारण थंडीमुळे वायू पिठात टिकतो आणि कढईत फुगून लेपाला जाळी पाडतो. इंग्रज हेच काम बिअरकडून करून घेतात. नाशिकच्या वाइनला मी अद्याप कढईपर्यंत आणलेले नाही. तिची जागा ताटाशेजारी.

तेल साधारण 180 अंशांवर हवे, पण माझ्याकडे तापमापक नाही. पिठाचा थेंब टाकल्यावर तो किंचित बुडून लगेच वर आला की मी तुकडी सोडतो, आणि एका वेळी तीनच, नाहीतर तेल थंडावते व पीठ ते पिऊन घेते. सुरुवातीला कढई मुसळधार पावसासारखी वाजते, कारण लेपातले पाणी वाफ होऊन पळत असते. बुडबुडे विरळ होऊन आवाज रिमझिमीवर आला की झारा घालायचा. कागदावर काढलेली तुकडी स्वतःच्याच वाफेने खालून मऊ पडते, म्हणून मी ती पुरणाच्या चाळणीवर ठेवतो. ही गोष्ट सासूबाईंना सांगितलेली नाही.

राहता राहिला बोंबील, जो जवळजवळ पाणीच असतो. तो मात्र त्यांनी स्वतः हाती घेतला: चिरून, उलगडून, फडक्यात गुंडाळून तासभर पाट्याखाली दाबला. अर्धे बोंबील रव्यात गेले, अर्धे माझ्या पिठात. माझ्यातला एक त्यांनी मुद्दाम चाळणीवर तसाच राहू दिला, जेवणे आटोपल्यावर उचलून कानाजवळ मोडला आणि म्हणाल्या, "अजून वाजतोय."