एनआरओ ठेवीवरचा टीडीएस आणि मधल्या नावाचं एक अक्षर : माझा अनुभव

निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलांकडे कायमचं राहायला निघालं की जो तो हयातीच्या दाखल्याची भीती घालतो. मला त्यात काहीच अडचण आली नाही. नोव्हेंबरात भारतीय वकिलातीच्या शिबिरात सही-शिक्का घेतला, मूळ कागद कुरिअरने बँकेत पाठवला, सही केलेली पोचपावती मागून घेतली. झालं. (८० पूर्ण असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.) अडकलो ते भलतीकडेच, ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस (व्याज देतानाच बँक कापून घेते तो कर) कमी करून घेण्यात.

आधी एक घोळ सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘अनिवासी’ कोण, याची व्याख्या फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, वेगळी आणि आयकर कायद्यात वेगळी. परत कधी येणार हे ठरलेलं नसताना बाहेर राहायला गेलात, की फेमाच्या दृष्टीने तुम्ही लगेच अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन मग त्याच खात्यात येते. आयकराचा हिशेब मात्र दिवसांवर चालतो. निघालात त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिला असाल, तर त्या वर्षापुरते निवासीच. नोकरीसाठी जाणाऱ्याला १८२ दिवसांची सवलत आहे, मुलाकडे राहायला जाणाऱ्याला नाही. म्हणजे सप्टेंबरात निघालेल्या माणसाचं खातं एनआरओ, बँक कापणार अनिवासी म्हणून, आणि रिटर्न भरायचं निवासी म्हणून. त्या वर्षाचं रिटर्न घाईने अनिवासी म्हणून भरू नका.

एनआरओ झालं की १५एच (‘टीडीएस कापू नका’ असं बँकेला सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) बंद. तो फक्त निवासींसाठी आहे. मग बँक व्याजाच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के कापते. १ लाख व्याजातले ३१,२०० गेले. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारात अशा व्याजावर कमाल १५ टक्के आहे, त्यावर सेसही नाही. त्यासाठी बँकेला तीन गोष्टी लागतात: अमेरिकेत कर-रहिवासी असल्याचा दाखला, आयकर पोर्टलवर भरलेला १०एफ (कराराचा लाभ घेण्यासाठीचा फॉर्म), आणि बँकेच्या नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र. ऐकायला सोपं आहे.

हा दाखला म्हणजे आयआरएसचा, अमेरिकेच्या आयकर खात्याचा, फॉर्म ६१६६. तो मिळवायला फॉर्म ८८०२ भरायचा, फी ८५ डॉलर. फी आधी ऑनलाइन भरून तिचा क्रमांक फॉर्मवर लिहायचा. गरजेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज पाठवा असं सूचनेतच आहे, तेव्हा दीड महिना गृहीतच धरा. पहिल्याच वर्षी मागत असाल, तर वर्षाच्या मध्यात रहिवासी झालात हे सांगणारा चौकोन त्यात आहे. तिथे तारखा लिहायला विसरू नका.

दाखला एका पानाचा. अमेरिकी कोषागाराचं नाव वर, मध्ये एक परिच्छेद, खाली छापील सही. बँकेने तीनदा परत पाठवला, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं.

पहिल्यांदा म्हणे सही शाईची नाही. ती कुणाच्याच दाखल्यावर नसते. आयआरएसच्या सूचनांमधलं त्याबद्दलचं पान छापून जोडलं, तेव्हा तो मुद्दा मिटला.

दुसऱ्यांदा वर्ष. बँकेला ‘आर्थिक वर्ष २०२५-२६’ असं लिहून हवं होतं. आयआरएस जानेवारी-डिसेंबर सोडून दुसरं वर्ष ओळखत नाही. २०२५चा दाखला एप्रिल ते डिसेंबरपुरता चालतो. जानेवारी ते मार्चसाठी २०२६चा वेगळा, वेगळी फी. आणि २०२६चा अर्ज १ डिसेंबर २०२५च्या आधी पाठवलाच तर घेत नाहीत. डिसेंबरात पाठवून वाट बघेपर्यंत मार्चची कपात ३१.२ टक्क्यांनी होऊन गेलेली असते. एकदा कापून सरकारात भरलेला टीडीएस बँक परत देत नाही. तो रिटर्नमधूनच मिळतो. त्यामुळे पुढच्या वर्षाचा अर्ज १ डिसेंबरलाच टाका, आणि तोवर हातातल्या दाखल्यावर एप्रिल-डिसेंबर तरी पदरात पाडून घ्या.

तिसरं कारण आपल्याकडचं खास. पॅनवर पूर्ण नाव: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अमेरिकेच्या फॉर्म १०४०वर मधल्या नावाला फक्त आद्याक्षराची जागा. दाखल्यावरही तेच उतरलं, वडिलांच्या नावाचं एक अक्षर. बँक म्हणाली, नाव जुळत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून, सोबत पासपोर्टची आणि सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत जोडली, तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. हे प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवशीच संचात घाला. बायकांना तर ते लागणारच, कारण मधलं नाव माहेरचं की सासरचं हाही प्रश्न असतो.

शाखेत हुज्जत घालून उपयोग नाही. निर्णय शाखा घेत नाही, कागद दुसऱ्या शहरातल्या एनआरआय कक्षाकडे जातात. त्या कक्षाचा ईमेल मागून घ्या आणि शाखेला पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीची प्रत तिकडेही टाका. १०एफ भरताना कालावधी दाखल्यावरचाच लिहा, नाहीतर चौथ्यांदा परत येईल. आणि हा संच दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो.

हे सगळं झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे आधी करायला हवं होतं. समजा पेन्शन ९ लाख, व्याज १ लाख. ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन उरले ९.२५ लाख. २०२५-२६च्या नव्या प्रणालीत टॅक्स ३२,५०० आणि सेस १,३००, एकूण ३३,८००. त्यातला व्याजामुळे वाढलेला हिस्सा १०,४०० रुपये. म्हणजे करारातले १५ टक्केसुद्धा जास्तच! आयटीआर-२ भरायचाच आहे, जादा कापलेलं परत येतं, वेळेत भरलं तर परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळतं. भारतातलं एकूण उत्पन्न १६ लाखांच्या वर असेल तरच त्या दाखल्यामागे लागा, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे अडकून राहणं परवडत नसेल, तर जुन्या कायद्याच्या कलम १९७खाली कमी कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं.

वरच्या आकड्यात एक धक्का लपलेला आहे. ‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे अनिवासीला लागू नाही, कारण ती सूट कलम ८७एची आणि ती फक्त निवासींना. ६० वर्षांवरच्या निवासींना अॅडव्हान्स टॅक्सपासून असलेली माफीही नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त देणं निघत असेल तर हप्ते भरा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. मी जुनेच दिलेत, सीएशी बोलताना तेवढं लक्षात ठेवा.

पोर्टलवर प्रोफाइलमध्ये अनिवासी ही स्थिती आठवणीने बदला. ती बदलली नाही आणि पॅन आधारशी जोडलेलं नसेल, तर पॅन निष्क्रिय होतं. आधारचा ओटीपी भारतीय मोबाइलवरच येतो, म्हणून सिमचं रोमिंग भारतात असतानाच चालू करून निघा.

अमेरिकेच्या बाजूने, ग्रीन कार्ड असेल तर भारतातली पेन्शन आणि व्याज तिथेही दाखवायचं, आणि भारतात भरलेला टॅक्स फॉर्म १११६वर तिथल्या टॅक्समधून वजा करून घ्यायचा. वजावट अंतिम टॅक्सचीच मिळते, परत येणाऱ्या टीडीएसची नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो. तिथे राहणाऱ्या मुलाचं नाव तुमच्या खात्यावर दुसरं असेल, किंवा त्याच्याकडे मुखत्यारपत्र असेल, तर ती खाती त्याच्याही एफबारमध्ये येतात. हे मुलांना माहीत नसतं.

म्युच्युअल फंडांचा विचार ग्रीन कार्डाच्या आधी करा. भारतीय फंडांना अमेरिकेत पीएफआयसी (वेगळे, किचकट कर-नियम असलेली परदेशी गुंतवणूक कंपनी) धरतात, फॉर्म ८६२१ लागतो, आणि तो भरून देणाऱ्याची फी फंडाच्या नफ्यापेक्षा जास्त होऊ शकते.

आणि अमेरिकेचं वर्ष जानेवारी-डिसेंबर असल्यामुळे बँकेकडे व्याजाचं प्रमाणपत्र मागताना एप्रिल-डिसेंबर आणि जानेवारी-मार्च असे दोन तुकडे मागा. बँक एकच देते. पुन्हा मागा.