शुक्रावरचा दिवस

आज संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांसोबत विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत रमले. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन! हे पटकन आलं. पण शुक्राने सगळ्यांना अडवलं. सूर्याभोवतीची फेरी तो आपल्या सुमारे २२५ दिवसांत पुरी करतो, स्वतःभोवती एकदा फिरायला मात्र २४३ दिवस घेतो. तेही उलट्या दिशेने, म्हणून तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो.

"काकू, मग तिथे वर्षभर रात्रच?" एका चिमुरडीने विचारलं. किती सुंदर प्रश्न! नाही गं, त्या उलट्या फिरण्यामुळेच पुढचा सूर्योदय साधारण ११७ दिवसांनी होतो. मग जिन्यातच मोबाईलचा टॉर्च लावून, चेंडू फिरवत हे करून पाहिलं. पोरं घरी जायला तयार नव्हती, मीही नव्हते. उद्या गुरूचे चंद्र घेणार आहोत.