आपण वरच्या अंगाचे

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील असे दोन देश शेजारी शेजारी ठेवलेत. हवामान तर दोघांचं हवामान, लोकसंख्या तर दोघांची लोकसंख्या. २०१८ ला पुस्तक बदललं तेव्हा स्टाफरूममध्ये बरीच कुरकुर झाली होती, ब्राझीलच का, आपलं काय अडलंय ब्राझीलवाचून वगैरे, पण मला ते पुस्तक तेव्हापासून आवडतं, कारण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पोरं आपोआप भांडायला लागतात आणि वर्गात भांडण झालं कि समजायचं तास बरा चाललाय. बाकी ४० मार्कांचा पेपर, नकाशा भरा, आलेख काढा, भौगोलिक कारणे द्या, ते सगळं करावं लागतंच.

आता जागतिक प्रश्न म्हटलं की शाळेत काय होतं ते सांगते. ग्लोबल वॉर्मिंगवर प्रोजेक्ट द्या म्हटलं की शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो तयारच असतो, मुखपृष्ठासकट. हिमनगावर एकटं पांढरं अस्वल, मग अमेझॉनची आग, मग भेगा पडलेली जमीन आणि शेवटच्या पानावर "पृथ्वी वाचवा". मार्क देऊन टाकते मी, वाद घालत नाही. पण अशा प्रोजेक्टमध्ये पोरं कायम अस्वलाच्या बाजूची असतात. जगातला कुठलाही प्रश्न घ्या, आमचा वर्ग एका मिनिटात अन्याय झालेल्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि ते चांगलंच आहे, मन ओलं आहे पोरांचं. अडचण एवढीच की नाशकात राहणारं पोरगं बऱ्याच प्रश्नांत त्या बाजूला नसतंच मुळी, ते समोरच्या बाजूला असतं आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही गोष्ट माझ्या नीट डोक्यात शिरली ती २०२३-२४ च्या हिवाळ्यात. भूगोल शिकवणाऱ्याला अशी पर्वणी क्वचित मिळते. नोव्हेंबरात गोदावरीवरच्या, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा पेटलं होतं, डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, आणि त्याच वेळी तिकडे लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले ते बरोब्बर आपला द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर.

त्यात १४ जानेवारी आली. १४ जानेवारीला महाराष्ट्रात भूगोल दिन असतो, प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिवसाला, हे भूगोलाचे शिक्षक सोडून कुणाला माहीत नसतं कारण त्या दिवशी सगळा महाराष्ट्र तिळगूळ खात असतो आणि नाशकात तर पोरं गच्चीवर पतंग घेऊन. म्हणून आमचं भूगोल मंडळ तो नंतरच्या आठवड्यात साजरा करतं. त्या वर्षी मी भाषणं, रांगोळी, नकाशा प्रदर्शन सगळं बाजूला ठेवलं आणि वर्गाचे तीन देश केले. इजिप्त, सुदान, इथिओपिया. विषय नाईल नदी.

माहिती फळ्यावर लिहून दिली. १९५९ साली इजिप्त आणि सुदानने नाईलचं पाणी आपापसात वाटून घेतलं, इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानला १८.५. इथिओपियाला काहीच नाही, तो त्या करारात नव्हताच. आणि इजिप्तपर्यंत पोचणाऱ्या पाण्यातलं साधारण ८५ टक्के पाणी येतं कुठून तर इथिओपियाच्या डोंगरातून. मग २०११ ला इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधायला घेतलं (ते पूर्ण होऊन उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ ला, पण आमचा तास झाला तेव्हा ते नुसतं भरत होतं). साठा ७४ अब्ज घनमीटर. आता ७४ अब्ज घनमीटर म्हणजे किती हे माझ्या डोळ्यासमोरही येत नाही तर पोरांच्या काय येणार, म्हणून म्हटलं टीएमसी मध्ये करा. टीएमसी नाशिकच्या पोरांना बरोबर कळतं, पावसाळ्यात घराघरात गंगापूर धरण किती भरलं आणि विसर्ग किती क्युसेक यावरच गप्पा असतात आणि रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का छातीला यावरून पूर मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच २.८३ कोटी घनमीटर. गणितात बरी असलेली दोघंतिघं बसली आणि उत्तर आलं २६०० टीएमसीच्या वर. आपलं गंगापूर साडेपाच टीएमसीच्या आसपास. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला तर १०२. म्हणजे पंचवीस जायकवाड्या एका धरणात! वर्गात एकदम शांतता आणि मग मागून "बापरे".

वाद सुरू झाला तसा निम्मा वर्ग इथिओपियाकडे झुकला. त्यांच्या डोंगरावर पडलेला पाऊस आहे मॅडम, त्यांनी अडवला तर यांना काय प्रॉब्लेम आहे? इजिप्तची टीम बिचारी पिरॅमिड आहेत म्हणून हौसेने इजिप्त झाली होती, ती म्हणत होती अरे आमच्याकडे पाऊसच पडत नाही, नदी सोडून आमच्याकडे काहीच नाहीये, तुम्ही अडवलं तर आम्ही काय वाळू खायची का. सुदान कुणीच विचारलं नाही म्हणून रुसून बसलं, जे तसं खऱ्या नाईल वाटाघाटींशी बऱ्यापैकी जुळतं.

दुसऱ्या तासाला मी फक्त नावं बदलली. इथिओपियाच्या जागी इगतपुरी-त्र्यंबक, निळ्या नाईलच्या जागी गोदावरी-दारणा, आणि इजिप्तच्या जागी पैठणच्या खालचा मराठवाडा. नियमही सांगितला. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, त्याखाली २०१४ चा आदेश, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ ला तो खाली होता म्हणून नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. ते नांदूरमधमेश्वरवरून खाली जातं, जिथे आपण शाळेची सहल घेऊन पक्षी बघायला जातो.

पोरं लगेच तयार. आपलं पाणी का द्यायचं? द्राक्षं जळतील. वाटेत निम्मं पाणी जिरून जातं. तिकडे ऊस लावतात. (हे सगळं घरी जेवताना ऐकलेलं, शब्द न शब्द मोठ्यांचे.) एक जण म्हणाला मॅडम हे सेम आहे, आपण इथिओपिया. मला वाटलं आता इथे तास संपला, पण पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात मोजकंच बोलली असेल, ती म्हणाली, "इथिओपियात लोकांकडे लाईट नव्हती म्हणून त्यांनी धरण बांधलं ना? आपल्याकडे लाईट आहे."

मग एक मुलगा उठला. त्याचं आजोळ अंबडचं. अंबड म्हटल्यावर दोघंतिघं हसली कारण आमच्याकडे अंबड म्हणजे एमआयडीसी, तर तो वैतागून म्हणाला जालन्याचं अंबड रे. त्याच्या मामाची मोसंबीची बाग होती, २०१२-१३ च्या दुष्काळात ती वाळली, टँकरने जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी तोडून सरपण केलं. तो तेव्हा चार वर्षांचा असेल, त्याने आईकडून ऐकलेलं. जायकवाडीचा डावा कालवा तिकडूनच जातो, म्हणे त्याला त्या वर्षी पाणी नव्हतं. हे सांगताना तो चिडलेला नव्हता, नुसता सांगत होता. पण त्यानंतर "आपलं पाणी" हा शब्द त्या वर्गात कुणी सहज वापरला नाही. मीच एकदोनदा वापरला तर पोरांनी माझ्याकडे बघितलं.

याचा अर्थ पोरांनी मत बदललं असं नाही, आणि बदलावं असं मलाही वाटत नव्हतं. वरच्यांचीही बाजू आहेच. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात तिथल्याच पाड्यांवर बाया विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात, कारण काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही आणि धरणातलं पाणी जातं खाली शहराकडे. अप्पर वैतरणाचं तर सरळ मुंबईला. म्हणजे वरचा म्हणवणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी खालीच असतो. पण प्रश्न दोन्हीकडून दिसायला लागला की पोरं उत्तर लिहिताना "तरी", "परंतु", "मात्र" असे शब्द वापरायला लागतात, आणि पेपर तपासणाऱ्या माणसाला ते शब्द दिसले की बरं वाटतं.

कांद्याचं पण तसंच झालं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, लासलगावचे लिलाव बंद पडले, आमच्या वर्गात निफाड-चांदवडकडची पोरं आहेत, ती खवळलेली. आणि रास्त आहे, भाव पडला तर घरातलं लग्न पुढे जातं. मग मी विचारलं बंदीने फायदा कुणाला झाला. थोडा वेळ कुणी बोलेना, मग कॉलेज रोडला राहणारा एक जण म्हणाला, आमच्या घरी. खरंच की, शहरात कांदा स्वस्त झाला तर आपण कुणाला विचारायला जात नाही की का झाला. मग नकाशावर बांगलादेश दाखवला, आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. २०१९ लाही बंदी आली होती तेव्हा तिथल्या त्यावेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत सांगून गेल्या होत्या की तुम्ही कांदा बंद केलात, मी स्वयंपाक्याला सांगितलं आता कांद्याशिवाय कर. पोरं खूप हसली. एका बंदीत शेतकरी, नाशिकचं शहर, ढाक्याचं स्वयंपाकघर आणि दिल्ली एवढे चार पक्ष, आणि आमच्या वर्गात त्यातले निदान दोन बाकावर बसलेले.

द्राक्षाबद्दल मात्र मी अजून चाचपडतेच आहे. म्हणजे नकाशाचा भाग सोपा आहे, एक मुलगा स्वतःहून सांगायचा कि पप्पांचा कंटेनर न्हावाशेव्याहून निघाला पण सुएझमधून नाही गेला, आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जाणार, दोन आठवडे जास्त, माल टिकायला पाहिजे. केप ऑफ गुड होप हा शब्द वास्को द गामाच्या धड्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी कळवळून उच्चारला असेल. पण २०२२ च्या कतार वर्ल्ड कपच्या वेळी ह्याच बॅचने, तेव्हा ती नववीत होती, स्टेडियम बांधणाऱ्या नेपाळी आणि भारतीय मजुरांवर काय सुंदर लिहिलं होतं. उन्हात काम, पासपोर्ट मालकाकडे, घर लांब. आणि दिंडोरी-निफाडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीपासून माल काढेपर्यंत कोण असतं? सुरगाणा, पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या. मुकादम, उचल, बागेच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद टाकलेली खोपटी, आणि तिथेच खेळणारी पोरं, ज्यांचं शाळेतलं नाव त्या चार-पाच महिन्यांत फक्त हजेरीत असतं. कतारवर लिहिणारं पोरगं त्याच बागेच्या मालकाचं असतं. आता पंधरा वर्षांच्या पोराला वर्गात सगळ्यांसमोर त्याच्या बापाचा हिशोब मागायचा का? मला ते पटत नाही. बाप पण कर्जात असतो, औषधं, रेसिड्यूचे रिपोर्ट, अवकाळी. म्हणून मी फक्त एक काम देते, घरच्या किंवा ओळखीच्या बागेत सीझनला किती माणसं येतात, कुठून, आणि त्यांच्यासोबतची मुलं कितवीत आहेत, एवढंच विचारून लिहा. मत लिहू नका. वह्या येतात त्यात "कितवीत" च्या रकान्यात बऱ्याचदा रेघ असते. त्या वह्या मी वर्गात मोठ्याने वाचत नाही.

लोकसंख्येला एकच गोष्ट करते. निबंधात कायम लोकसंख्येचा भस्मासुर असतो, म्हणून फळ्यावर तीन रकाने: आजी किती भावंडं, आई किती, तुम्ही किती. आठ, चार, दोन किंवा एक असं उतरत जातं सगळ्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आलाय, लोकसंख्या टिकून राहायला लागतो त्या २.१ च्या खाली. भस्मासुर तिथेच आटोपतो, आणि पोरं विचारतात मग आमच्या म्हातारपणी काय. त्याला मी जपानचा धडा काढते.

बरं, सध्याचं सांगायचं म्हणजे पैठणकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकेशी ओळख झालीये, यंदाची माझी बॅच आणि त्यांचा वर्ग व्हिडिओ कॉलवर समोरासमोर आणायचं ठरतंय. तारीख जमत नाहीये, आमची चाचणी परीक्षा संपली की त्यांची सुरू होते आणि मधेच नेट जातं. आमच्या पोरांनी मुद्दे काढून ठेवलेत, पहिलाच मुद्दा मोठ्या अक्षरात, पाणी कमी आहे तर तुम्ही ऊस का लावता? त्यावर तिकडून "आणि तुम्ही वाईन का करता" हे येणार, त्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय. आमच्या पोरांना मी ते अजून सांगितलेलं नाही.